पंचनाम्यातला शिक्का

पंचनाम्यात मी लिहिलं:
'रबरी शिक्का, नग एक, लाकडी मुठीचा, झिजलेला,
दोन पंचांसमक्ष जाळून नष्ट केला.'
पंच एक गोरख महाजन, पंच दोन भिकन पिंजारी.
दोघांनी न वाचता सह्या ठोकल्या
आणि तहसीलमागच्या शेगडीवर
आम्ही फक्त चहा उकळला.

शिक्का माझ्या डब्याच्या पिशवीत होता,
कळण्याच्या भाकरीच्या फडक्यात.

एरंडोल लोकसभा मतदारसंघ.
रबरावर सगळं उलटं. 'रं'वरचा टिंब
कुठल्याशा निवडणुकीत झडून गेलेला.
तेव्हापासून लिफाफ्यांवर, लाखेच्या शेजारी,
मी 'एरडोल' छापत आलो.
वरून कधी कुणी विचारलं नाही.

मतदारसंघाला वेस नसते.
मारुती नसतो, पाणवठा नसतो,
सासरी निघालेली पोर
त्याच्याकडे वळून बघत नाही.
पाच वर्षांतून एक दिवस
तो जमिनीवर उतरायचा:
शाळेच्या व्हरांड्यात, पुठ्ठ्याच्या आडोशामागे,
डाव्या तर्जनीच्या नखाशी.
दिल्लीत सरकार गडगडलं तर मुदतीआधीच.
मग आम्ही भर उन्हात यंत्रं नाहीतर पेट्या लादून
बसच्या टपावर दोरखंड आवळायचो,
शाईची बाटली ओल्या फडक्यात, तान्ह्या पोरासारखी.
दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कपाटात.
तसं बघितलं तर
त्याचं राहतं घर माझा तिसरा खण,
टाचण्या आणि स्टॅम्पपॅडच्या मध्ये.

नवा नकाशा आला तेव्हा
तालुके तिथेच होते, नद्याही.
लाल रेघ तेवढी उचलून
दुसरीकडे ठेवलेली.
कागदात शब्द होता 'विलोपित'.
गोरख म्हणाला, भाऊसाहेब, म्हणजे मेला का बदली झाली?
मी म्हटलं, बदलीच.
हजर कुठे व्हायचं ते कळवलेलं नाही.

विधानसभेला नाव राहिलं.
दिल्लीला जाणारं तेवढं गेलं.

कुणी रडलं नाही. कशाला रडेल?
बाजार भरला, कापसाची गाडी जिनिंगला गेली,
ज्यांचं तिकीट हुकलं ते दोघे
चार दिवस हॉटेलात शेवभाजी न खाता उठले.

फक्त त्या पुढच्या निवडणुकीत
भिलाटीच्या केंद्रावर ठगूबाई आली,
हातात काठी, काठीला बांधलेली ओळखपत्राची पिशवी.
केंद्राध्यक्षांनी नवं नाव वाचून दाखवलं.
ती उभीच.
'माले एरंडोलनं मत देनं से.'
आजी, आता जळगाव.
'जयगावले मी कधी गयीच नही.
तठला मानूस माले वयखस का?'
रांग हसली. मीही हसलो,
आणि नियमाचं पुस्तक चाळून पाहिलं.
असल्या हरकतीला नमुना नव्हता.
शेवटी तिने बटण दाबलं, बोट पुढे केलं,
शाई लागताना तोंड फिरवून घेतलं,
सुई टोचून घेणारं माणूस फिरवतं तसं.

आता निवृत्तीला वर्षं लोटली.
काल नात केतकी
कपाटात खोडरबर शोधताना शिक्का घेऊन आली,
बिटाच्या रसात बुडवून तळहातावर उठवला,
आणि एकेक अक्षर लावत बसली:
ए, र, डो, ल.
हे गाव आहे, आजोबा?
आहे ना. बस जाते.
मग शिक्का कचऱ्यात का नव्हता टाकला?

मी म्हटलं, हात धुऊन ये.
ती गेली. मोरीत पाणी वाजत राहिलं बराच वेळ.
परत आली तर तळहात गुलाबी,
आणि 'डो'ची मात्रा
अजून तिथेच.